माव्याची लाडकी

मी करडई बोलतेय. घाण्यात जाऊन तेल देतात ती आमच्या घराण्यातली कर्तबगार माणसं वेगळी. मी भाजीची, आणि त्यातही बिनकाट्याची. तामलवाडीच्या शिवारात फरिदाबीचा विहिरीजवळचा तुकडा आहे, त्याच्या कडेकडेनं मी उभी असते. हिवाळ्यात आभाळ भरून आलं की माझी पानं काळी आणि चिकट होतात. रस्त्यानं जाणारा माणूस क्षणभर थांबतो आणि बरोबरच्याला म्हणतो, "ह्या बाईची भाजी गेली की हो." त्या वेळी मी माझ्या कामावर असते, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

काय काम करतेस म्हणून विचारलंत, तर सांगायला मला जरा जड जातं. आमच्यात कुणी तेल देतं, कुणी शेत राखतं. माझं कसं लागलं ते पहिल्यापासून सांगते, मग हसायचं तर हसा.

करडईचं झाड उन्हाळ्याच्या तोंडाला वाळून जातं, मग ही इतक्या वर्षांच्या गोष्टी कशी सांगते, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्यात बी म्हणजे मीच. गाडग्यात राखेत झोपायचं, पाऊसकाळ सरला की पुन्हा उगवायचं. त्यामुळं आठवणी शाबूत राहतात. अक्कल मात्र दर वर्षी नव्यानं यावी लागते.

माझा जन्म काट्यांच्या घरात झाला. आमच्याकडं रब्बीची ज्वारी पेरली की तिच्या चारी बाजूंनी करडईचे तास, म्हणजे ओळी, धरतात. करडई लहान असते तोवर बायका तिचा कोवळा पाला भाजीला खुडतात. पुढं पानांच्या कडा टणक होतात, टोकाटोकाला काटे येतात आणि मग करडई शेताची राखण करते. गुरानं ज्वारीच्या आशेनं तोंड पुढं केलं की आधी नाकाला काटा लागतो. माझी आई, आजी, चुलत्या, मावश्या सगळ्या ह्याच नोकरीतल्या. दिसायला उग्र, चवीला कडसर, पण कामात चोख.

शेत लालमहंमदचं होतं. फरिदाबी त्याच्या धाकट्या भावाची बायको. आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. ती दिराच्या घरात राहिली आणि त्याच्या शेतात राबू लागली. ईट गावाला तिचं माहेर होतं, पण भावाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

करडई काढायची ती भल्या सकाळी. दहिवरानं, म्हणजे दवानं, काटे नरम पडलेले असतात. तेवढ्या वेळात बायका हाताला चिंध्या गुंडाळून भराभर झाडं उपटतात. अशाच एका सकाळी फरिदाबीनं माझा बुडखा धरला आणि ती थांबली. एका हाताची चिंधी सोडून तिनं मला पुन्हा चाचपलं. मग शेजारच्या बांधाकडं तोंड करून हाक मारली.

"सिताबाय, हिकडं ये की जरा. ह्या करडईला काटंच न्हाईत."

सिताबाई म्हणजे बिरू धनगराची बायको. त्यांचं शेत बांधाला बांध लागून होतं. ती आली, तिनं बोटानं माझं पान वरून खालून चोळून पाहिलं.

"इसरली आसंल," ती म्हणाली.

"काय इसरली?"

"काटं घालायचं."

माझ्याबद्दल ह्याहून खरं कुणी आजवर बोललेलं नाही. सगळ्या घराण्याला जे जन्मतः येतं तेच मी विसरून आले होते. लालमहंमदनंही मला पाहिलं आणि मान हलवली. "बिनकाट्याची करडई काय कामाची? गुरं सरळ आत येतील." तोही खोटं बोलत नव्हता. पण फरिदाबीनं माझी बोंडं वेगळी चोळली, बी पदराच्या टोकाला बांधलं आणि घरी नेऊन गाडग्यात ठेवलं. तिच्या हाताला मी टोचले नाही, एवढीच माझी गुणवत्ता.

पुढची दोन-तीन वर्षं माझी चैन होती. फरिदाबीनं विहिरीजवळच्या तुकड्यात वाफे केले. मेथी, चुका, शेपू, अंबाडी लावली आणि मधोमध मला. इतर करडया लवकर जून होत. माझा पाला उशिरापर्यंत लुसलुशीत राही. आठवडी बाजारात बायका जुडी हातात घेऊन कौतुकानं म्हणत, "फरिदाभाबी, ही कुठली करडई? तोंडात विरघळती की." मला ते ऐकू येत नसे, कारण तोवर मी जुडीत बांधली गेलेली असे आणि माझी मान मोडलेली असे. पण फरिदाबी परत येऊन वाफ्यातल्या उरलेल्या मला सांगे, आणि मी अशी फुगे की शेजारच्या मेथीला ऊन लागेनासं होई.

शेपू सांगे की तिच्या वासानं निम्मे किडे दारातूनच परततात. चुका स्वतःच्या आंबटपणाचा तोरा मिरवी. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. मी म्हणे, कशाला ही भांडखोर वृत्ती? आल्यागेल्याशी गोड असावं. हे माझं तत्त्वज्ञान होतं, आणि त्याची पहिली परीक्षा बिरूच्या मेंढरांनी घेतली.

त्या साली फरिदाबीनं हौसेनं बांधावरही मलाच पेरलं. बिरूनं आपल्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. आजवर मध्ये काटेरी करडईचा तास असे, त्यामुळं मेंढरं आपल्या हद्दीत राहत. ह्या खेपेला पुढच्या मेंढीनं मला हुंगलं, एक घास घेतला, दुसरा घेतला आणि मागच्यांना वाट करून दिली. माझ्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली हद्द मी एका सकाळी मोकळी करून दिली. बिरू धावत आला, शरमिंदा झाला, पण माझी बाजू घ्यायला काही तयार नव्हता.

"भाबी, मेंढरांचा काय दोष? वाटंवर ताट वाढून ठिवल्यालं. जेवणार न्हाईत तर काय?"

तेव्हापासून बांधावर बाभळीच्या फांद्या आल्या. स्वतःचे काटे नसले की दुसऱ्याचे आणावे लागतात. राखणदारीच्या नोकरीतून माझं नाव असं कायमचं कमी झालं.

आता फरिदाबीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती स्वभावानं माझ्याच जातीची होती. बाजारात कुणी म्हणालं, "भाबी, वर जरा घाला की," की ती घाली. बांधावरून जाणारी कुणीही वाफ्यात वाकली आणि मूठभर खुडून घेऊन गेली, तर ही वर विचारी, "आणिक नगं का?" घरात थोरली जाऊ तिला कामं सांगे आणि ती करी. 'न्हाय' हा शब्द मी तिच्या तोंडून दराच्या बाबतीतसुद्धा ऐकला नव्हता.

लालमहंमदची सासुरवाडी ढोकीची. एकदा तो तिकडं गेला आणि उसाचे फड आणि ट्रॅक्टर पाहून आला. तेव्हापासून तो बोले ते उसाचंच. जेवताना ऊस, पारावर ऊस. त्याच्या नजरेत विहिरीजवळचा तुकडा भरला, कारण पाणी तिथं. एके दिवशी तो वाफ्याशी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला,

"फरिदा, ह्या तुकड्यात औंदा ऊस लावावा म्हणतो."

तिनं पदर सावरला. "भाईसाब, मग म्या काय करू?"

"घरात हाईसच की. भाकरीला का कमी हाय?"

भाकरीला कमी नव्हती, हे खरं होतं. पण त्या तुकड्यात ती सकाळी आली की दिवसभर तिला कुणी काम सांगत नसे. भाजी तिची, बाजार तिचा, दोन शब्द बोलायला आलेल्या बायका तिच्या. हा तुकडा गेला असता तर ती दिराच्या चुलीपुढची एक राबती बाई उरली असती, नाहीतर ईटची वाट धरावी लागली असती. तिनं हे काही बोलून दाखवलं नाही. खाली वाकून ती मेथीतलं तण काढू लागली. लालमहंमद आडमुठा होता, पण निर्दय नव्हता.

"बरं, आसं करू," तो म्हणाला. "येळवसच्या बाजाराला सगळ्या गावाला तुझी भाजी पुरली, तर तुकडा तुझ्याकडं. बायामाणसं रिकाम्या पिशवीनं माघारी गेली, तर ऊस. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

येळवस म्हणजे आमच्याकडचा शेताचा मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, आंबील असते आणि मुख्य म्हणजे भज्जी. ओले हरभरे, तुरीचे दाणे, शेंगा आणि मिळतील तेवढ्या पालेभाज्या एकत्र शिजवून ती करतात. त्या भज्जीसाठी आदल्या बाजाराला पालेभाजीवर झुंबड उडते. ती झुंबड एकट्या फरिदाबीनं पुरी करायची होती.

तिनं ठरवलं, सगळ्या तुकड्यात करडई घ्यायची आणि तीही माझी. मला कोण आनंद झाला. पण बियांचं गाडगं उतरवलं तेव्हा त्यात बी निम्मंसुद्धा नव्हतं. सालभर जी आली तिनं "एक मूठ दे की गं" म्हटलं होतं, आणि फरिदाबीनं दिलं होतं. आता ती दारोदार मागायला गेली. एकीनं सगळं पेरलं होतं, एकीच्या कोंबड्यांनी खाल्लं होतं, एकीला आपण नेल्याचंच आठवत नव्हतं. ह्या हेलपाट्यांत पेरणीचे चांगले दिवस गेले.

शेवटी होतं तेवढं बी तिनं तुकड्याच्या चारी कडांना पेरलं, म्हणजे रस्त्यावरून आणि लालमहंमदच्या पायवाटेवरून पाहणाऱ्याला चांगली करडई दिसावी. मधले वाफे रिकामे पडले. तिथं काय घालायचं म्हणून ती हात टेकून बसली असताना सिताबाई सूपभर बी घेऊन आली.

"आमच्या बांधाचं हाय. काटेरी. कवळं हाय तवर खायाला काय हुतंय?"

फरिदाबीनं ते मधल्या वाफ्यांत उशिरा पेरलं आणि वर कुणाला सांगू नकोस, असंही सिताबाईला बजावलं. तिला त्या गावठी बियांची लाज वाटत होती. मला तर तिच्याहून जास्त. मी कडेला टेचात वाढत होते आणि मागं वळून त्या काटेरी भावंडांकडं पाहत होते. ती बसकी, पानांवर खरखर, वाढीला सावकाश. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "बाजारात माझ्या जुडीत मिसळू नका हं, माझं नाव जाईल." त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्या घराण्यातल्या राखणदारांना बोलायची सवय नाही.

मग आभाळ आलं.

दोन दिवस ऊन पडलं नाही. गार, कुंद हवा. वाऱ्याबरोबर एक पंखवाली काळसर, इवलीशी बाई माझ्या शेंड्यावर उतरली. इतकी लहान की मी तिचं स्वागत केलं. उन्हाची तिरीप नाही, काटा नाही, पान मऊ, रस गोड, तिला आवडलंच. तिनं आपली बारीक सोंड माझ्या शिरेत घातली आणि बसली. संध्याकाळपर्यंत तिला मुली झाल्या. नवरा कुठं दिसला नाही. मुलींना लगेच पुढच्या मुली झाल्या. माणसांत एखादीला मूल व्हायचं तर केवढा गाजावाजा असतो. ह्यांच्यात आजी, आई आणि नात एकाच पानावर एकाच वेळी रस पीत होत्या. हाच तो मावा.

पहिले दोन दिवस मी, खरं सांगते, खूश होते. एवढ्या भाज्या सोडून सगळे माझ्याकडंच येताहेत, म्हणजे माझ्यात काहीतरी आहेच, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी शेंडा वाकडा झाला. मग पानांवर चिकटा आला, त्यावर काजळी धरली. मुंग्या आल्या. बिरू मेंढरं राखतो तशा त्या मुंग्या माव्याला राखू लागल्या. फरक एवढाच की बिरूनं मेंढरं निदान आपल्या शेतात बसवली होती.

फरिदाबीनं सकाळी मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं चुलीतली राख आणून माझ्यावर धुरळली. मावा राखेखालूनही रस पीत राहिला. तंबाखू भिजवून त्याचं पाणी शिंपडलं. काही मेला, पण संध्याकाळी होता तेवढा पुन्हा झाला. कडेकडेनं चारी बाजूंची मी काळी पडले होते. बाजार तोंडावर आला होता. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून हळहळत आणि दुसरीकडं भाजी सांगून ठेवत. हे फरिदाबीच्या कानावर जाई.

लालमहंमद एक डबा घेऊन आला. "ही पावडर मार. सोलापूरहून आणलीय. एका फवाऱ्यात साफ."

"भाईसाब, परवा ही भाजी लोकांच्या पोटात जायची हाय."

"आगं, धुऊन खातील."

"आन एकादीनं न धुता खाल्ली तर? न्हाय मारायची."

मी ऐकत होते. 'न्हाय' हा शब्द मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकला, आणि तिलाही तो नवा वाटला असावा, कारण बोलून झाल्यावर ती जरा गोंधळली. लालमहंमद डबा तिथंच ठेवून गेला. "मग उद्या दोरी घिऊन येतो," तो जाता जाता म्हणाला. उसाच्या सऱ्या आखायला दोरी लागते.

तो गेल्यावर ती मला ओलांडून आत गेली आणि मधल्या वाफ्यात मटकन बसली. रडली. मला वाटलं, माझ्या जवळ बसून रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. काय करता आलं असतं, हे मात्र सुचलं नाही. रडता रडता तिच्या हाताशी एक पान आलं. तिनं ते उलटं करून पाहिलं. मग दुसरं पाहिलं. मग ती गुडघ्यांवर सरकत वाफा पालथा घालू लागली.

"सिताबाय," तिनं हाक मारली. "आगं, सिताबाय."

सिताबाई आली. दोघी डोकं खाली घालून बसल्या.

"मावा हितं का न्हाय गं?" फरिदाबीनं विचारलं.

"हाय की. ह्यो बग एक. हिकडं दोन."

"कडंला बग आन हितं बग."

सिताबाईनं एक काटेरी पान चावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय. साल बी जाड. माव्याचं दात मोडलं आसतील."

माव्याला दात नसतात, सोंड असते, पण त्या वेळी चूक काढायच्या मनःस्थितीत मी नव्हते. मला आतून सगळं उमजलं होतं. वाऱ्यावर आलेला मावा आधी कडेला उतरतो. कडेला मी होते. माझ्याकडं त्याला सगळं मिळालं, मग तो पुढं कशाला जाईल? आणि जो थोडका पुढं गेला त्याला त्या खरखरीत, कडसर पानांवर बस्तान बसवता आलं नाही. उशिरा पेरल्यामुळं ती अजून कोवळी होती, काटे टणक झाले नव्हते. येळवसच्या भज्जीसाठी अगदी बेताची भाजी माझ्या पाठीमागं तयार उभी होती, आणि मी तिला नावं ठेवत बसले होते.

"मग ही कडंची उपटून टाक सगळी," सिताबाई म्हणाली. "रस्त्यावरनं बगवंना."

माझा जीव पानापानात गोळा झाला. फरिदाबी उठून कडेला माझ्याजवळ आली.

"न्हाय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा. "माव्याला हितनं उठिवलं तर जाईल कुठं? आतच. बाजार हुईस्तवर हिला उबी ऱ्हाऊ दे."

"लोकं हासतील की."

"हासू दे."

तर असं मी उभी राहिले. उभं राहण्यात माझं कर्तृत्व काही नाही. मला पळता येत असतं तर मी त्याच दिवशी पळाले असते. शेंडे मुरगळलेले, अंगावर काजळी, मुंग्यांची ये-जा, आणि वरून येणाऱ्याजाणाऱ्याची कीव. गावात सगळ्यांत सुंदर भाजी म्हणून मिरवलेली मी, आता लोकांना दाखवण्याजोगी एवढीच उरले होते की बघा, मावा पडला म्हणजे कसं होतं.

दुसऱ्या दिवशी लालमहंमद खरंच दोरी घेऊन आला. धुतलेला पांढरा पायजमा, वर जाकीट. तो कडेला उभा राहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "गेलं. म्या म्हनत हुतो." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

"दोरी गुंडाळा, भाईसाब," फरिदाबी आतून म्हणाली.

"आगं, आता काय ऱ्हायलंय?"

"आदी आत या."

आत यायचं म्हणजे माझ्यातून यायचं. तो आला. त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिकटा लागला, मावा चिकटला, मुंग्या चढल्या. तो पाय झाडत, पुटपुटत मधल्या वाफ्यात पोचला. चहूबाजूंनी कोवळी हिरवी करडई होती. त्यानं खाली वाकून पान उलटं केलं, जसं आदल्या दिवशी तिनं केलं होतं.

"ही कुटली?" त्यानं विचारलं.

"आपली. बांधावरची. काट्याची," ती म्हणाली. सांगताना तिला आता लाज वाटत नव्हती.

बाजाराच्या सकाळी दहिवर पडलेलं असताना ती आणि सिताबाई दोघींनी खुडणी केली. पाट्या भरल्या. पुढचं मी सिताबाईच्या तोंडून ऐकलेलं सांगते. रस्त्यावरून मला पाहून गेलेल्या बायका फरिदाबीची पाटी बघून थबकल्या. मग झुंबड उडाली. एक नेहमीची बाई म्हणाली, "भाबी, वर जरा घाला की." फरिदाबीनं जुडी तिच्या पिशवीत ठेवली आणि सांगितलं, "आज न्हाय, मावशी. मागच्या बाईला बी भज्जी करायची हाय." मावशी पिशवी सावरत बाजूला झाली. कुणी रिकाम्या पिशवीनं परत गेलं नाही. शेवटची जुडी सिताबाईनंच घेतली.

येळवसला बिरूनं शेतात कोप घातली आणि दोन्ही घरांना जेवायला बोलावलं. बांध जवळच, म्हणून मला सगळं दिसत होतं. लालमहंमद मांडी घालून भाकरी-भज्जी खात होता. मध्येच त्यानं तोंडातून काहीतरी काढून बोटावर धरलं.

"काटा लागला," तो म्हणाला.

"लागंल," फरिदाबी वाढता वाढता म्हणाली. "आतली हाय ती."

त्यानं तो काटा बाजूला टाकला, आंबील प्यायला आणि ताट पुढं केलं. ती वाढत असताना तो ताटाकडं बघतच म्हणाला, "ऊस वरच्या पट्टीला लावतो. ह्या तुकड्याचं तू बग." बिरूनं विचारलं, "दोरीचं काय करायचं मग?" लालमहंमद म्हणाला, "तिलाच देतो. वाफं सरळ आखंल तरी." आणि तो हसला, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी फरिदाबी खुरपं घेऊन माझ्याकडं आली. आता माझी गरज सरली होती, हे मला कळत होतं. तिनं एका टोकापासून मला उपटायला सुरुवात केली आणि खड्ड्यात टाकून वर माती लोटली. माव्यासकट, मुंग्यांसकट. मी म्हटलं, ठीक आहे. काटे घालायला विसरलेल्या करडईचा शेवट ह्याहून काय वेगळा व्हायचा?

शेवटच्या चार-दोन झाडांपाशी ती थांबली. घमेल्यात तंबाखूचं पाणी आणलेलं होतं. चिंधी भिजवून ती माझं एकेक पान पुसू लागली. वरून पुसलं, खालून पुसलं, शेंडे बोटांत धरून हळूच मोकळे केले. सणाच्या दिवशी लेकराला न्हाऊ घालावं तशी ती बसली होती. आणि पुसता पुसता माझ्याशी बोलत होती.

"तू अशीच ऱ्हा. म्या बी तुझ्यासारकीच. मऊ लागलं की सगळी येऊन बसत्यात." तिनं चिंधी पुन्हा पाण्यात बुडवली. "पर कडंला मऊ आसावं. आत न्हाय."

मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिनं मला माझ्या गोडव्यासाठी जपलं. आता ती मला जपत होती ती माझ्या खोडीसाठी, मावा जिला सोडत नाही अशी म्हणून. पण तिनं जपलं. नुसत्या गुणांसाठी तर कुणीही जपतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तुकड्याच्या चारी कडांना मी असते आणि मधल्या वाफ्यांत सिताबाईच्या बांधाची काटेरी करडई. आता फरिदाबी हे मुद्दाम करते. बी मागायला कुणी आलं तर आतलं हवं की कडेचं, असं विचारते, आणि कडेचं मागणारीला आतलंही घ्यायला लावते. माझ्या काटेरी भावंडांशी मी आता नीट बोलते. ती अजूनही उत्तर देत नाहीत. आभाळ आलं की एकेकीची पानं माझ्या बाजूला जराशी झुकतात, वाऱ्यानं असेल.

आजही आभाळ आलंय. सकाळीच पहिली पंखवाली बाई माझ्या शेंड्यावर उतरली, आणि मी तिला या म्हटलं. सवय आहे. आठवड्याभरात मी काळी पडेन. तुम्ही तुळजापूरच्या रस्त्यानं जात असाल आणि मला तसं पाहिलंत, तर कृपा करून हळहळू नका आणि तसेच पुढंही जाऊ नका. मला बाजूला सारून आत जा. भाजी तिथं आहे, आणि फरिदाबीही. पायजमा पांढरा असेल तर मात्र आधीच सांगते, चिकटा धुतल्याशिवाय जात नाही.